वेताची ढाल

वेताची ढाल म्हणजे वेताच्या किंवा बांबूच्या कांब्या, कामट्या व पट्ट्या विणून अथवा एकमेकींना घट्ट बांधून तयार केलेले हातात धरण्याचे संरक्षक साधन. कातडे, लाकूड व धातू यांच्या ढालींबरोबरच जगाच्या अनेक भागांत विणलेल्या ढाली वापरात होत्या. भारतात कौटिलीय अर्थशास्त्रापासून मोगलकालीन साधनांपर्यंत त्यांचे उल्लेख आढळतात. महाराष्ट्रात ‘फरी’ हा शब्द व फरी-गदगा हा मर्दानी खेळ यांच्या रूपाने लहान, हलक्या ढालीची परंपरा टिकून आहे. विसाव्या शतकात मुंबईसह भारतातील अनेक शहरांत दंगल आवरणाऱ्या पोलिसांच्या हातीही वेताचीच ढाल असे. विणलेल्या ढालींचा कलादृष्ट्या सर्वांत समृद्ध नमुना म्हणून मेलानेशियातील सॉलोमन बेटांवरच्या शिंपलाजडित ढालींचा निर्देश केला जातो.

नावे व अर्थ

संस्कृतात ढालीला खेटक, फलक, चर्म अशी नावे आहेत. ‘चर्म’ या नावातच तिचे द्रव्य सांगितलेले आहे. मूर्तिशास्त्रात ‘खड्ग-खेटक’ ही जोडी नेहमी एकत्र येते आणि महिषासुरमर्दिनीच्या अनेक मूर्तींत देवीच्या एका हाती खेटक असते. मराठीत रूढ असलेला ‘ढाल’ हा शब्द पूर्वी दोन अर्थांनी वापरला जाई. एक अर्थ हातातील संरक्षक आयुध आणि दुसरा अर्थ सैन्याचे मोठे निशाण. असे निशाण वाहणारा हत्ती तो ‘ढालगज’. पुढे धिप्पाड, दांडग्या स्वभावाच्या स्त्रीला उद्देशून ‘ढालगज’ किंवा ‘ढालगज भवानी’ म्हणण्याची रीत पडली. ढाल बाळगणाऱ्या शिपायाला ‘ढालाईत’ म्हणत. पट्टा चालवणारा तो ‘पटाईत’ आणि भाला चालवणारा तो ‘भालाईत’ याच धर्तीचा हा शब्द आहे. यांपैकी ‘पटाईत’ हा शब्द ‘निष्णात’ या अर्थाने भाषेत टिकला, ‘ढालाईत’ मात्र जुन्या कागदपत्रांपुरता उरला.

‘फरी’ म्हणजे लहान गोल ढाल. अबुल फझलच्या आइन-ए-अकबरीतील शस्त्रांच्या यादीत या नावाची ढाल येते. मोगल सैन्यव्यवस्थेवरील १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विल्यम आयर्व्हिन यांनी तिचे वर्णन वेताची किंवा बांबूची लहान ढाल असे केले आहे. मराठीतील फरी पुढे मुख्यतः चामड्याची झाली, तरी तिचे लहान आकारमान व हलकेपणा ही वैशिष्ट्ये कायम राहिली.

द्रव्य व रचना

वेत ही ताडकुळातील काटेरी वेल आहे. तिच्या अनेक जाती कॅलॅमस या प्रजातीत मोडतात आणि त्यांपैकी काही सह्याद्रीच्या पावसाळी जंगलांत आढळतात. बांबू आतून पोकळ असतो, वेत मात्र भरीव असतो. त्याच्या अंगभर लांबच लांब तंतू असतात व बाहेरची साल गुळगुळीत आणि टणक असते. ओला असताना किंवा शेक दिल्यावर तो हवा तसा वाकतो आणि वाळल्यावर दिलेला आकार धरून ठेवतो. या गुणांमुळे टोपल्या, खुर्च्या, पाळणे आणि ढाली या सर्वांसाठी तो सारखाच उपयोगी पडला.

विणलेली ढाल सामान्यतः दोन पद्धतींनी करता येते. पहिल्या पद्धतीत जाड कांब्यांचे उभे दांडे मांडून त्यांतून पातळ पट्ट्या आलटून पालटून आडव्या विणतात. ही टोपली विणण्याची सर्वपरिचित रीत होय. दुसऱ्या पद्धतीत लांब कांबी मध्यबिंदूपासून वर्तुळाकार गुंडाळत नेतात आणि प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला दोऱ्याने किंवा वेताच्या सालीने बांधतात. तुर्कस्तानातील उस्मानी सैन्याची ‘कालकान’ ही गोल ढाल दुसऱ्या पद्धतीची होती. तिच्या कांब्यांवर रंगीत रेशमी धागा गुंडाळून फुला-पानांची व अक्षरांची नक्षी उठवीत आणि मध्यभागी पोलादी टोप बसवीत.

विणलेल्या ढालीचे बळ कठीणपणापेक्षा लवचीकपणात असते. दगड किंवा काठी आदळली की फटक्याचा जोर एका ठिकाणी न साचता वीण थोडी दबते आणि तो आजूबाजूच्या कांब्यांत वाटला जातो. तलवारीचा घाव बसल्यास पाते तंतूंत रुतते आणि ते सोडवून घेण्यात मारणाऱ्याचा क्षणभर वेळ जातो. एखादी कांबी तुटली तरी शेजारच्या कांब्या भार पेलतात, त्यामुळे तडा साऱ्या ढालीभर पसरत नाही. तुटलेला भाग नव्या कांबीने दुरुस्तही करता येतो. टोकदार भाला, जवळून सोडलेला बाण आणि बंदुकीची गोळी यांच्यापुढे मात्र ही ढाल अपुरी पडते. आग हाही तिचा मोठा शत्रू आहे.

प्राचीन उल्लेख

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना ‘आवरणे’ म्हणून काही साधनांची यादी दिली आहे. तीत पेटी, चर्म, हस्तिकर्ण, तालमूल, कपाट, किटिका इत्यादी नावे येतात. टीकाकारांच्या मते यांतील पेटी वेलींपासून केलेली, तर किटिका चामड्याची किंवा बांबूच्या सालीची असे. शस्त्रागारात लाकूड, कातडे आणि विणकाम या तिन्ही प्रकारांच्या आवरणांना जागा होती, हे त्यावरून दिसते.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारे एरियन या ग्रीक इतिहासकाराने भारतीय पायदळाचे वर्णन केले आहे. त्यात शिपायाच्या डाव्या हाती न कमावलेल्या बैलाच्या कातड्याची ढाल असल्याचे सांगितले आहे. ती रुंदीला शिपायापेक्षा कमी, पण उंचीला जवळजवळ त्याच्याएवढी असे.

महाराष्ट्रातील दृश्य पुराव्यांत अजिंठा येथील भित्तिचित्रे, वेरूळ येथील शिल्पे आणि गावोगावचे वीरगळ महत्त्वाचे आहेत. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या वीरगळांवर उजव्या हाती तलवार व डाव्या हाती ढाल घेतलेला योद्धा हा नेहमीचा विषय असतो. मुंबई उपनगरातील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळ नौकायुद्धाच्या दृश्यांसाठी प्रसिद्ध आहेत. शिल्पात ढालीचा आकार स्पष्ट कळतो, तिचे द्रव्य मात्र बहुधा कळत नाही. दगडात कोरलेली गोल ढाल कातड्याची, लाकडाची किंवा वेताची यांपैकी कोणतीही असू शकते.

मराठा काळातील ढाल

सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठा सैन्यात गोल, बाहेरून फुगीर व आतून खोलगट अशी कातड्याची ढाल प्रचलित होती. गेंडा, रेडा, सांबर इत्यादी प्राण्यांची कातडी तिच्यासाठी वापरीत. गेंड्याच्या कातड्याची ढाल सर्वांत मोलाची समजली जाई. कासवाच्या पाठीच्या ढालीही होत्या. कच्चे कातडे भिजवून, ताणून, साच्यावर आकार देऊन वाळवीत आणि मग घोटून त्यावर लाख किंवा रोगण चढवीत.

ढालीच्या दर्शनी बाजूस साधारणतः चार धातूची फुले असतात. ती केवळ शोभेची आहेत असा समज आढळतो, परंतु त्यांचे मुख्य काम रचनेशी संबंधित आहे. प्रत्येक फूल हे आरपार गेलेल्या खिळ्याचे डोके असते आणि त्या खिळ्याला आतल्या बाजूने कडी जोडलेली असते. या कड्यांतून हातात धरण्याचे दोन बंद ओवलेले असतात. बंदांच्या खाली लहान गादी असते. दोन्ही बंद एकत्र ओढून मुठीत धरले की बोटांची पेरे गादीवर टेकतात आणि बसलेला फटका हाडाला जाणवत नाही. कूच करताना ढाल पट्ट्याने पाठीवर टाकीत, त्यामुळे घोडेस्वाराचे दोन्ही हात मोकळे राहत आणि पाठीचेही रक्षण होई. जलद हालचालींवर भिस्त असलेल्या मराठा स्वाराला जड चिलखतापेक्षा अशी हलकी ढाल सोयीची होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदूक व तोफ यांचे महत्त्व वाढत गेले. महादजी शिंदे यांनी द ब्वान्य या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि संगीनधारी पायदळाला ढालीची गरज उरली नाही. १८१८ साली पेशवाई संपल्यानंतर ढाल रणांगणावरून हळूहळू दूर झाली. तिला पुढे तीन ठिकाणी आश्रय मिळाला. दसऱ्याच्या वेळच्या शस्त्रपूजेत ती मानाने मांडली गेली, तालमीत खेळाचे साधन झाली आणि स्पर्धांत विजयचिन्ह म्हणून दिली जाऊ लागली. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील हॅरिस शील्ड व जाइल्स शील्ड ही नावे, तसेच शाळाशाळांत दिली जाणारी ‘फिरती ढाल’, ही या तिसऱ्या रूपाची उदाहरणे होत.

फरी-गदगा

फरी-गदगा हा महाराष्ट्रातील पारंपरिक मर्दानी खेळ आहे. यात खेळाडूच्या डाव्या हाती फरी म्हणजे लहान गोल ढाल आणि उजव्या हाती गदगा म्हणजे चामडे मढवलेली काठी असते. गदगा हा तलवारीचा पर्याय होय. खऱ्या शस्त्राने होणारी इजा टाळून वार, बचाव, पवित्रा व पदन्यास यांचा सराव व्हावा, हा या खेळाचा हेतू आहे. डोके, खांदा, कुशी, गुडघा अशा ठिकाणी नेमून दिलेले वार करायचे आणि प्रतिस्पर्ध्याचे वार फरीवर अथवा गदग्यावर झेलायचे असतात.

फरी लहान असल्याने ती सारे शरीर झाकू शकत नाही. म्हणून वार ज्या ठिकाणी येणार तेथे ती आधीच न्यावी लागते आणि त्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याकडे, मनगटाकडे व पायांकडे सतत लक्ष ठेवावे लागते. मोठ्या ढालीमागे उभे राहता येते, फरीने मात्र प्रत्येक वार वेगळा अडवावा लागतो. तालमीतील शिक्षणात फरीला जे महत्त्व आहे, त्याचे कारण हेच आहे.

कोल्हापुरातील मर्दानी खेळांच्या आखाड्यांत पट्टा, लाठी, भाला, विटा यांच्याबरोबर फरी-गदगाही खेळला जातो. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशात देशी व्यायामप्रकारांचे सविस्तर विवेचन आहे. अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. पंजाबातील गतका हा खेळ फरी-गदग्याशी जवळचे साम्य दाखवतो आणि त्यातही लहान ढालीला फरी असेच म्हणतात. २०२० साली केंद्र सरकारने खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत गतका व मल्लखांब यांचा समावेश केला.

पोलिसांची वेताची ढाल

विसाव्या शतकात जमाव पांगवण्याच्या कामी भारतातील पोलीस दलांनी वेताच्या ढालीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. लाठी, शिरस्त्राण आणि वेताची ढाल हा बंदोबस्तावरील शिपायाचा परिचित सरंजाम होता. या ढाली गोल किंवा उभट आयताकृती असत. दगड, विटा व सोड्याच्या बाटल्या यांचा मारा हा दंगलीतील नेहमीचा धोका. त्याच्यासमोर वेताची वीण पुरेशी ठरे. वजन कमी असल्याने ती तासन्‌तास हाती धरता येई आणि स्थानिक कारागिरांकडून स्वस्तात करून घेता येई.

तिच्या मर्यादाही होत्या. ती अपारदर्शक असल्याने डोळ्यांपुढे धरली की समोरचे दिसत नसे आणि खाली घेतली की चेहरा उघडा पडे. पेटत्या बाटल्यांपासून तिला धोका होता. या कारणांमुळे पुढे फायबरच्या व पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या ढाली आल्या आणि त्यांनी वेताच्या ढालीची जागा बऱ्याच अंशी घेतली.

दंगलीतील ढालीचे महत्त्व शिपायाच्या शरीररक्षणापुरते मर्यादित नाही. बेकायदा जमाव पांगवण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १४८ मध्ये आहे. बळाचा वापर आवश्यक तेवढाच व कमीत कमी असावा, हे या कामातील मान्य तत्त्व आहे. दगडांपासून पुरेसे संरक्षण असलेली तुकडी थांबू शकते, इशारा देऊ शकते, जमावाला पांगण्यास वेळ देऊ शकते. संरक्षण नसलेल्या तुकडीला मागे हटणे किंवा गोळीबार करणे एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे चांगली ढाल ही शिपायाइतकीच समोरच्या जमावाच्याही जिवाची राखण करते.

ईशान्य भारत

वेत व बांबू यांची समृद्ध परंपरा असलेल्या ईशान्य भारतात विणलेल्या ढाली दीर्घकाळ प्रचारात होत्या. नागा जमातींच्या काही ढाली बांबूच्या चटईसारख्या विणीच्या असून त्यांच्या दर्शनी भागावर प्राण्यांचे कातडे किंवा केस लावून त्या सजवीत. अरुणाचल प्रदेशातील जमातींत वेताची विणलेली शिरस्त्राणेही आढळतात. या प्रदेशात ढाल विणण्याचे कौशल्य टोपली व चटई विणण्याच्या कौशल्यापासून वेगळे नव्हते. घरगुती कारागिरीचाच तो युद्धोपयोगी विस्तार होता.

मेलानेशियातील शिंपलाजडित ढाली

प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटे मेलानेशिया या प्रदेशात मोडतात. स्पॅनिश दर्यावर्दी अल्व्हारो दे मेन्दान्या १५६८ साली तेथे पोहोचला. सांता इसाबेल व ग्वादलकनाल ही नावे त्याच सफरीतील आहेत. १५९५ च्या दुसऱ्या सफरीत त्याने आणखी पूर्वेकडील बेटांना सांताक्रूझ हे नाव दिले. मुंबईचे उपनगर सांताक्रूझ आणि ही बेटे यांच्या नावांचा अर्थ ‘पवित्र क्रूस’ असा एकच आहे. नामसाम्यापलीकडे त्यांचा संबंध नाही. शिंपलाजडित ढालीही सांताक्रूझ बेटांच्या नसून मध्य सॉलोमनमधील सांता इसाबेल, ग्वादलकनाल या परिसराशी जोडल्या जातात.

मूळ ढाल वेताची, लांबट लंबवर्तुळाकार आणि घट्ट विणीची असे. लढाईत अशा साध्या ढाली वापरीत. एकोणिसाव्या शतकात त्यांतील काही निवडक ढालींवर जडावकाम करण्यात आले. विणलेल्या पृष्ठावर पॅरिनेरियम या झाडाच्या फळातील गराचा चिकट लेप देत. हा लेप वाळल्यावर टणक होई. तो ओला असतानाच नॉटिलस या सागरी प्राण्याच्या शिंपल्याचे लहान लहान तुकडे त्यात बसवीत आणि उरलेला भाग काळ्या व तांबड्या रंगांनी रंगवीत. मध्यभागी हात उंचावलेली लांबट मानवाकृती आणि तिच्या भोवती लहान चेहरे, अशी मांडणी अनेक ढालींवर दिसते. काळसर पार्श्वभूमीवर शिंपल्याची मोतिया चमक उठून दिसे.

जडावाचा लेप ठिसूळ असल्याने प्रत्यक्ष वार झेलण्यासाठी या ढाली योग्य नव्हत्या. त्या प्रमुखांच्या प्रतिष्ठेची व समारंभाची वस्तू असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. अशा मोजक्याच ढाली आज अस्तित्वात असून लंडनचे ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम व ब्रुकलिन म्युझियम यांच्या संग्रहांत त्यांचे नमुने आहेत. १८९३ साली ही बेटे ब्रिटिश संरक्षणाखाली गेली आणि ७ जुलै १९७८ रोजी स्वतंत्र झाली.

शिंपल्याच्या जडावाची कला भारतालाही परकी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातेत शिंपला बसवलेल्या पेट्या तयार होत व त्या युरोपात जात. फत्तेपूर सिक्री येथील शेख सलीम चिश्ती यांच्या कबरीवरील छत्रीही शिंपल्याच्या जडावाची आहे.

जतन व पुराव्याचा प्रश्न

वेत, बांबू व कातडे ही सेंद्रिय द्रव्ये आहेत. दमट हवेत त्यांवर बुरशी चढते, भुंगेरे व कसर त्यांना पोखरतात. अति कोरड्या हवेत वेत ठिसूळ होऊन तुटतो. जडावाच्या ढालीत अडचण आणखी वाढते, कारण हवेतील ओलाव्याबरोबर वीण आकुंचन-प्रसरण पावते, शिंपला मात्र तसाच राहतो आणि तुकडे सुटून पडतात. म्हणून अशा वस्तू स्थिर आर्द्रतेत, मंद प्रकाशात आणि पूर्ण आधार देऊन ठेवाव्या लागतात.

याचा परिणाम इतिहासाच्या आकलनावर होतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय यांसारख्या ठिकाणी शस्त्रे पाहताना दर्शकाच्या नजरेत प्रामुख्याने पोलादी व कोफ्तगारी केलेल्या ढाली आणि गेंड्याच्या कातड्याच्या उंची ढाली भरतात. त्या राजे, सरदार व मानकरी यांच्या होत्या. सामान्य शिपायाची स्वस्त ढाल झिजली, कुजली किंवा फेकून दिली गेली आणि ती जपून ठेवावी असे कोणाला वाटले नाही. त्यामुळे जे टिकले तेच सर्वत्र प्रचलित होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. शस्त्रयाद्या, कोशांतील शब्द, वीरगळांवरील आकृती आणि तालमीतील चालू परंपरा यांचा एकत्र विचार केल्यासच सामान्य सैनिकाच्या ढालीचे चित्र उभे राहते.

पोलिसांच्या वेताच्या ढालीच्या बाबतीतही हीच प्रक्रिया घडत आहे. वापरातून गेलेल्या या ढाली सरकारी सामानाप्रमाणे मोडीत निघतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यामुळे गेंड्याच्या कातड्याच्या जुन्या वस्तूंची मालकी व व्यवहार यांवर कायद्याचे नियंत्रण आहे. वेताच्या ढालीला तसे कोणतेही बंधन नाही. ती संग्रहात ठेवणे सोपे आहे आणि ती विणू शकणारे कारागीर अद्याप आहेत, म्हणून तिच्या विणीची, मापांची व धरण्याच्या पद्धतीची नोंद आज करता येण्याजोगी आहे.